शिकवण मान्य, दावा अमान्य?

इ.स. ३२५ मध्ये निकेया इथं भरलेल्या धर्मपरिषदेला २०२५ साली १७०० वर्षं पूर्ण झाली. आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक म्हणजेच ते निकेया. तिथं मांडलेला आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत वाढवलेला विश्वासांगीकार, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची कलमं सांगणारा मजकूर, आजही वसईच्या कॅथलिक देवळात, नगरच्या प्रॉटेस्टंट उपासनेत आणि केरळच्या सिरियन चर्चमध्ये थोड्याफार फरकानं म्हटला जातो. मराठी वाचकाला नाताळ माहीत असतो, क्रूस माहीत असतो, एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करायला सांगणारा येशू माहीत असतो. शेजारचं ख्रिस्ती कुटुंब नेमकं काय मानतं, हे मात्र बहुतेकांना सांगता येत नाही.

ते समजून घ्यायचं तर नुसती यादी देऊन भागत नाही, कुणीतरी उलटतपासणी घ्यावी लागते. म्हणून इथं दोघं बोलताहेत. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वारकरी घरात वाढले, आता देव मानत नाहीत, पण तुकोबा सोडवत नाहीत. बाई त्याच शाळेत मराठी शिकवायच्या. नगरच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातल्या. पात्रं लेखापुरती आहेत. आक्षेप आणि उत्तरं मात्र शतकानुशतकं खरोखर दिली-घेतली गेलेली आहेत.

सर : बाई, आडपडदा न ठेवता बोलतो. येशू मला आवडतो. शत्रूवरही प्रेम करा, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढण्याआधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बघा, दानधर्माचा गाजावाजा करू नका. यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? पण रविवारी तुम्ही उभ्या राहून जो विश्वासांगीकार म्हणता, त्यात यातलं काहीच नाही. कुमारी मरीयेच्या पोटी जन्म, आणि पुढच्याच दमात पंतय पिलाताच्या अमलात मरण. मधली सगळी वर्षं गायब! गालीलात गावोगाव हिंडणारा, जकातदारांच्या पंगतीला बसणारा, कुष्ठरोग्याला हात लावणारा माणूस तुम्ही हरवलात कुठं?

बाई : आक्षेप रास्त आहे, सर, आणि जुनाही. राममोहन रॉय यांना हेच वाटलं होतं. १८२० साली त्यांनी शुभवर्तमानांतून, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतून, त्याचे उपदेश तेवढे वेचून वेगळं पुस्तक काढलं. चमत्कार बाजूला, सिद्धान्त बाजूला. बंगालमधल्या सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन त्यावर तुटून पडले, आणि पुढे बराच काळ दोघांत लेखी वाद चालला.

सर : आणि त्या वादात विल्यम अॅडम हा मिशनरीच राममोहनांच्या बाजूला गेला! बाप्तिस्मा द्यायला आलेला माणूस त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही श्रद्धा, सोडून बसला.

बाई : गेला, ते खरंच आहे. पण मार्शमन एवढे का चिडले, तेही बघा. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा ही आज्ञा येशूच्या आधीची, जुन्या करारातली. परक्याला सांभाळा, विधवा-अनाथांचा छळ करू नका, हेही तिथलंच. नुसत्या उपदेशाचा प्रश्न असता, तर येशू यहुद्यांमधला एक थोर गुरू म्हणून राहिला असता आणि नवा धर्म उभाच राहिला नसता. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी गावोगाव जाऊन सांगितलं ते निराळंच. ज्याला तुम्ही क्रूसावर मारलंत तो मेलेल्यातून उठला आहे, आम्ही त्याला पाहिलं आहे, असं ते सांगत सुटले. ती बातमी होती, आणि विश्वासांगीकार म्हणजे त्या बातमीचा गोषवारा. कसं वागायचं ते शुभवर्तमान वाचून शिकायचं. काय घडलं ते इथं म्हणायचं.

सर : बातमी म्हणता, मग तिची तपासणी होणार.

बाई : व्हायलाच हवी. म्हणून तर त्यात पिलाताचं नाव आहे. एवढ्या पवित्र मजकुरात एका रोमन अधिकाऱ्याचं नाव कशाला? तर हे कुठल्याशा युगात घडलेलं नाही, अमुक सुभेदाराच्या कारकिर्दीत घडलं, हे बजावायला. पिलात इ.स. २६ ते ३६ यहुदीयाचा सुभेदार होता. त्याचं नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरिया इथल्या उत्खननात सापडला.

सर : त्या दगडानं पिलात होता हे सिद्ध होतं. कुमारीला मूल झालं हे होत नाही.

बाई : अगदी कबूल. दगडावर मी तेवढंच वजन टाकते. ख्रिस्ती श्रद्धेनं आपला दावा इतिहासाच्या अंगणात आणून ठेवला आहे, एवढंच मला म्हणायचंय. तिथं ठेवल्यावर तुमच्यासारख्याला तो उलटसुलट करून बघण्याचा हक्क मिळतोच.

सर : मग तो बजावतो. निकेयाची परिषद कुणी बोलावली? सम्राट कॉन्स्टंटाइननं. जमलेले बिशप सुमारे ३००. अरियस हा धर्मगुरू म्हणत होता, पुत्र, म्हणजे येशू, हा पित्यानं निर्माण केलेला, म्हणजे पित्याच्या खालचा. शेवटी त्याच्या बाजूला उरले फक्त २ बिशप, आणि त्यांना हद्दपार केलं. राजाच्या डोळ्यांदेखत देव कोण ते ठरलं. याला श्रद्धा म्हणायचं की दरबारी ठराव?

बाई : पुढचा इतिहासही सांगा ना, सर. कॉन्स्टंटाइनचंच मन नंतर फिरलं. ३३७ साली मरणाच्या दारात त्यानं बाप्तिस्मा घेतला, तो निकोमीडियाच्या युसीबियसकडून, म्हणजे अरियसच्या पाठीराख्याकडून. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर उघडच अरियसवाद्यांच्या बाजूचा. निकेयाची बाजू लढवणाऱ्या अथनेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. सगळं राजसत्तेच्या मर्जीनं ठरलं असतं, तर आज आम्ही अरियसचाच विश्वासांगीकार म्हणत असतो.

सर : हे मान्य. पण एवढं भांडण होतं कशावरून? पुत्र पित्याहून थोडा कमी मानला, तर कुणाचं काय बिघडत होतं?

बाई : सगळंच. पहिले ख्रिस्ती लोक यहुदी. एका देवाशिवाय कुणापुढे मान झुकवायची नाही, यासाठी जीव देणारे. तेच लोक येशूची प्रार्थना करत होते, त्याच्या नावानं बाप्तिस्मा देत होते. आता येशू हा निर्मिलेला जीव असेल, कितीही श्रेष्ठ असला तरी, तर ही सरळ मूर्तिपूजा झाली. म्हणजे एक तर प्रार्थना थांबवायची, नाही तर तो देवच आहे असं कबूल करायचं. निकेयानं दुसरा मार्ग घेतला. त्रैक्य तिथून येतं : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. तीन देव नाहीत, आणि एकच देव तीन सोंगं घेतो असंही नाही. देवाच्या एकपणातच एकमेकांवरचं प्रेम आहे, असं आम्ही मानतो.

सर : हे माझ्या डोक्यात शिरत नाही, आणि एकट्या माझ्याच नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्रैक्यावरून तिथल्या सिस्टरांशी त्यांचा पत्रांतून केवढा वाद झाला! पुराणं मुखोद्गत असलेली, वेदान्त जाणणारी ती बाई. चर्च सांगतं म्हणून मानणार नाही, बायबलमध्ये असेल तर दाखवा, हा त्यांचा हेका.

बाई : आणि तोच हेका धरून त्यांनी पुढे हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि केडगावात बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. सर, रमाबाई मला यासाठीच जवळच्या वाटतात. त्यांनी शंका झाकली नाही आणि शंकेपायी शोधही सोडला नाही. त्रैक्य हिशेबात बसतं असं मीही म्हणत नाही. ते मी येशूमुळे मानते. तो देवाला बाप म्हणून हाक मारतो आणि स्वतः पापांची क्षमा करतो, जी फक्त देवानं करायची. या दोन गोष्टी एकत्र धरल्या की त्रैक्यापाशी यावंच लागतं.

सर : मग इतका आटापिटा कशाला? सरळ अवतार म्हणा. आमच्याकडे दहा आहेत, अकरावा जड नाही. आमचा विठोबा जनाबाईला दळू लागतो, सावता माळ्याच्या मळ्यात जातो, चोखोबाबरोबर ढोरं ओढतो. देव भक्तासाठी खाली उतरतो, हे आम्हाला नवं नाही.

बाई : नवं नाही म्हणूनच इथल्या मातीत येशूची गोष्ट रुजली. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं गोव्यात राहून मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली छापलं गेलं. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि तुकोबांच्या वाटेनंच आपण येशूपाशी आलो असं ते मानत. जवळीक आहे. पण त्या जवळिकीपायी फरक पुसून टाकला, तर तुम्हालाही ख्रिस्ती श्रद्धा कळणार नाही आणि मलाही विठोबा कळणार नाही.

सर : कोणता फरक?

बाई : पहिला, हे एकदाच घडलं असं आम्ही मानतो. युगायुगांत फिरून येणं नाही. दुसरा, तो माणूस असल्याचं दाखवत नाही, तो खरोखरच माणूस आहे. त्याला भूक लागते, तो दमून होडीत झोपतो, मित्र गेला तर रडतो, शेवटचा दिवस कधी येईल ते आपल्याला ठाऊक नाही असं सांगतो. ४५१ साली खाल्किदोनच्या परिषदेनं हेच मांडलं : पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. तिसरा फरक सगळ्यात अवघड. तो दुष्टांचा संहार करायला येत नाही. दुष्टांच्या हातून मरतो. तेही क्रूसावर. गुलामांना आणि बंडखोरांना रोमन लोक द्यायचे ती शिक्षा. सभ्य माणसानं जिचं नावही काढू नये अशी. देवाची अशी गोष्ट कुणी हौसेनं रचली नसती.

सर : आलात क्रूसावर! माझी खरी अडचण तिथंच आहे. माणसानं पाप केलं, देव रागावला, आणि राग शांत करायला त्यानं निर्दोष मुलाचं रक्त घेतलं. हा न्याय म्हणायचा? आमचा कर्मसिद्धान्त कठोर असेल, पण हिशेब सरळ. ज्यानं केलं त्यानं भोगायचं.

बाई : तुम्ही सांगितलीत ती गोष्ट पुष्कळ प्रचारक अशीच सांगतात. पण तिला विश्वासांगीकाराचा आधार नाही. तो एवढंच म्हणतो की हे आमच्यासाठी, आमच्या तारणासाठी घडलं. कसं, ते सगळ्या चर्चनी मिळून कधी बांधून टाकलं नाही. सुरुवातीच्या शतकांत लोक म्हणायचे, ख्रिस्तानं मरणात शिरून मरणाला हरवलं. अकराव्या शतकाच्या अखेरीस अँसेल्म या धर्मपंडितानं मांडलं की माणसानं देवाचा मान हिरावला, तो फक्त देवमाणूसच भरून देऊ शकतो. पुढच्या शतकात तत्त्वज्ञ अबेलार म्हणाला, क्रूसावरचं प्रेम पाहून माणसाचं मन पालटतं, तारण तिथं आहे. आपल्या जागी त्यानं शिक्षा भोगली, यावर भर दिला सोळाव्या शतकातल्या सुधारकांनी. तुमचा घाव या शेवटच्या मांडणीवर बसतो.

सर : तुमची कोणती?

बाई : मी निकेयाला धरून विचार करते. येशू जर देवाहून वेगळा तिऱ्हाईत असेल, तर त्याला मारणं हा अन्याय, तुमचं शंभर टक्के खरं. पण तो स्वतः देव असेल, तर देवानं दुसऱ्या कुणाला पुढे केलं नाही, स्वतःच सोसलं. सावकार कर्ज माफ करतो तेव्हा ती रक्कम हवेत विरत नाही, त्याच्याच गाठीची जाते. क्षमा करणाऱ्यालाच क्षमेची किंमत पडते.

सर : छान. पण माझा सावकार कागद फाडतो आणि मोकळा होतो. त्याला कुणी खिळ्यांनी ठोकत नाही.

बाई : खिळे देवानं ठोकले नाहीत, सर. ठोकले ते माणसांनी. धर्मसत्तेला तो नकोसा झाला, राजसत्तेला सोयीचं वाटलं, गर्दी ओरडली, मित्र पळाले. जगात निर्दोष माणूस जसा मारला जातो, तसाच तो मारला गेला. देवानं केलं ते एवढंच की तो त्यातून बाजूला झाला नाही आणि त्यानं उलट वारही केला नाही.

सर : हे पहिल्या गोष्टीपेक्षा बरंच बरं आहे. पण मग त्या खुनाचं खापर शतकानुशतकं यहुद्यांवर फोडलं ते कुणी? युरोपात त्या नावाखाली वस्त्या जाळल्या गेल्या.

बाई : ख्रिस्ती लोकांनीच फोडलं. त्याचं समर्थन नाही. कॅथलिक चर्चनं १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात हा आरोप अधिकृतपणे फेटाळला. फार उशीर झाला होता. विश्वासांगीकारात मारणाऱ्यांच्या बाजूचं एकच नाव आहे, आणि ते रोमन सुभेदाराचं. तेवढं नीट वाचलं असतं तरी पुरलं असतं.

सर : आता पाप. तान्हं मूल पापी असतं, हे तुम्ही कोणत्या तोंडानं म्हणता?

बाई : आदामाचा दोष जन्मानंच अंगाला चिकटतो, ही मांडणी मुख्यतः धर्मपंडित ऑगस्टिनची, चौथ्या-पाचव्या शतकातली. पूर्वेकडच्या चर्चना ती तशी मान्य नाही. त्यांच्या मते आपल्याला वारशात मिळतं ते मरण आणि बिघडलेलं जग, दोष नव्हे. माझ्यापुरतं म्हणाल, तर पाप म्हणजे चुकांची यादी नाही. बरं काय ते कळतं आणि हातून मात्र वाईटच होतं, ही माणसाची जी गत आहे तिला आम्ही पाप म्हणतो. इतिहास शिकवलात तुम्ही, ही गत तुम्ही माझ्याहून जास्त पाहिली असेल.

सर : पाहिली आहे. ठीक. आता मुख्य खांब : पुनरुत्थान. चारही शुभवर्तमानं समोर ठेवा. कबरेवर बाया किती गेल्या? एक म्हणतं एक, दुसरं म्हणतं तीन. तिथं देवदूत एक की दोन? उठलेला येशू शिष्यांना भेटला गालीलात की यरुशलेमात? मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तर भेटच नाही. बाया घाबरून पळतात आणि पुस्तक संपतं. कोर्टात अशी साक्ष टिकेल?

बाई : तपशील जुळत नाहीत, हे खरं. ओढूनताणून ते जुळवायच्या मी विरुद्ध आहे. पण शुभवर्तमानांच्या आधीची साक्ष आहे. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला इ.स. ५५च्या सुमारास पत्र लिहिलं, म्हणजे घटनेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांत. त्यात तो नावं घेतो : पेत्र, बारा जण, मग एकाच वेळी पाचशेंहून अधिक माणसं, ज्यातले बहुतेक अजून जिवंत आहेत असंही तो सांगतो, आणि मग याकोब. आपण हे आधीच्यांकडून घेतलं असंही म्हणतो, म्हणजे यादी त्याच्याही आधीची. दुसरं, कबर रिकामी पाहिली ती बायांनी, असं चौघेही सांगतात. बाईच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीचं वजन नसण्याचा तो काळ. खोटीच गोष्ट रचायची, तर असे कमकुवत साक्षीदार कोण निवडेल?

सर : त्यावरून एवढंच ठरतं की ते खोटारडे नव्हते. शोकात माणसाला गेलेलं माणूस दिसतं, ऐकू येतं. प्रामाणिक भ्रमही असतो. मेलेला माणूस उठत नाही, हा रोजचा अनुभव. त्याच्या विरुद्ध चार कागदांची साक्ष. माझं पारडं अनुभवाकडे झुकतं.

बाई : मेलेला उठत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून तर शिष्यांचा स्वतःचाही आधी विश्वास बसला नाही. पण पुराव्यानं तुम्हाला गप्प करता येईल, असं माझं म्हणणं नाही. पुरावा मला दारापर्यंत आणतो. आत जायचं ते विश्वासानंच.

सर : मग ऐका. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले, असं लाखो लोक मानतात. मी मानत नाही. तरी त्यांच्या अभंगांपुढे माझं डोकं टेकतंच. तसंच येशूचं का करू नये? पुनरुत्थान रूपक समजावं, शिकवण घ्यावी आणि पुढे जावं.

बाई : तुमचा-माझा फरक तो हाच. तुकोबांचे अभंग वैकुंठगमनावर उभे नाहीत. ते काढून घेतलं तरी गाथा जिथल्या तिथे राहते. इथं तसं नाही, आणि हे मी म्हणत नाही, त्याच पत्रात पौल सांगतो : ख्रिस्त उठला नसेल, तर आमचा प्रचार फुकट, तुमचा विश्वास फुकट, आणि सगळ्या माणसांत आम्हीच कीव करण्यासारखे. इतकी मान पुढे करून उभा राहिलेला धर्म मला दुसरा माहीत नाही. पुनरुत्थान रूपक मानून येशू आवडून घेण्यात गैर काही नाही. पण ती तुमची आवड झाली. तिला ख्रिस्ती श्रद्धा म्हणता येत नाही.

सर : म्हणजे मला सरळ नाही म्हणावं लागेल.

बाई : म्हणा. अर्धवट हो म्हणण्यापेक्षा ते प्रामाणिक.

सर : मग नरकाचंही बोलून टाकू. आयुष्यभर लुबाडणारा मरताना पश्चात्ताप करतो आणि स्वर्गात जातो. सचोटीनं जगलेला नास्तिक मात्र आगीत. कृपेचा हा हिशेब मला लाच दिल्यासारखा वाटतो.

बाई : कृपेवरून आमच्यातच केवढी भांडणं झाली! १५१७ पासून ल्यूथरनं युरोप हलवला तो याच मुद्द्यावर : माणूस पुण्य साठवून तरत नाही, कृपेनं, विश्वासानं तरतो. कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चनी १९९९ साली जर्मनीत आउग्सबुर्गला संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. सार इतकंच की तारण कृपेनं मिळतं आणि चांगली कर्मं त्या कृपेचं फळ म्हणून येतात. उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तातला थोरला भाऊ तुमच्यासारखाच चिडतो बघा. मी राबलो आणि मेजवानी याला? बाप त्याचा हक्क नाकारत नाही, त्यालाही आत बोलावतो.

सर : दृष्टान्त सुंदर आहे. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. नास्तिकाचं काय?

बाई : एकमत नाही. ज्यांना स्वतःच्या दोषाविना ख्रिस्त कळला नाही, पण जे खऱ्या मनानं सद्सद्विवेकाला धरून जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, असं दुसरी व्हॅटिकन परिषद म्हणते. पुष्कळ इव्हँजेलिकल मंडळ्यांना हे मान्य नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी विचारलं जातं ते भुकेल्याला जेवू घातलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का. ते वाचल्यावर तुमचा निकाल लावायची माझी हिंमत होत नाही. तरी जगाचं तारण ख्रिस्तातच आहे, हा आमचा दावा उरतोच. तुमचं मन राखायला मी तो लपवणार नाही.

सर : लपवला असता तर मी पुढे बोललोच नसतो. शेवटचा आक्षेप. एक, पवित्र, वैश्विक चर्चवर विश्वास ठेवतो, असं तुम्ही म्हणता. एक? १०५४ साली पूर्व-पश्चिम फूट, मग ल्यूथर, मग शेकडो पंथ. पवित्र? गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं. आणि जात? ख्रिस्तात सगळे एक म्हणायचं आणि लग्न जुळवताना पोटजात विचारायची, हे आपल्याच जिल्ह्यात चालतं.

बाई : खोडून काढण्यासारखं यात काही नाही. जातीचं तर घरात बघितलंय. विश्वासांगीकार पाठ असलेल्यांनीच हे केलं. एवढंच सांगेन की चर्चच्या ओळीपाठोपाठ पापक्षमेची ओळ येते. चर्च पवित्र आहे ते त्याला बोलावणाऱ्यामुळे. त्यातली माणसं क्षमेची गिऱ्हाइकं, आणि हे दर रविवारी सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं. बाप्तिस्म्याच्या पाण्यात आणि प्रभुभोजनाच्या एकाच भाकरीत जात बुडाली पाहिजे होती. बुडाली नाही, तर दोष आमचा. पण दोष ओळखायचं मापही त्याच भाकरीनं दिलेलं आहे.

सर : माप चांगलं आहे. वापरा म्हणजे झालं.

दोघांचा संवाद इथं थांबवू. सर ख्रिस्ती झाले नाहीत आणि बाईंनी एकही कलम सोडलं नाही. तरी सुरुवातीला सर ज्याला नाही म्हणत होते आणि शेवटी ज्याला म्हणत आहेत, त्यात फरक पडला आहे. रागीट देव आणि रक्ताचा सौदा ही गोष्ट बाजूला पडली. उरला तो खरा मतभेद : एका रोमन सुभेदाराच्या काळात मारला गेलेला माणूस उठला की नाही, आणि त्याच्यात देव स्वतः आला होता की नाही. एक देव, त्यानं निर्माण केलेलं जग, बिघडलेला माणूस, देहधारी पुत्र, क्रूस, पुनरुत्थान, पवित्र आत्मा, चर्च, क्षमा आणि येणारा न्याय, ही सगळी कलमं या दोन प्रश्नांभोवती गुंफलेली आहेत. त्यांचं उत्तर नाही असेल, तर येशू एक थोर गुरू राहतो. हो असेल, तर त्याला नुसतं गुरू म्हणून भागत नाही.

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असं आपण सौजन्यानं म्हणतो. त्या सौजन्यात शेजाऱ्याचं ऐकून न घेण्याची सोयही असते. त्यापेक्षा मार्कचं शुभवर्तमान उघडावं. सोळाच अध्याय आहेत, एका बैठकीत वाचून होतात. पाठोपाठ विश्वासांगीकार वाचावा. मग हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण जे म्हणाल ते ख्रिस्ती माणूस खरोखर जे मानतो त्याला उद्देशून म्हणा.